दुकानाचें दार

गेल्या फाल्गुनांत एके दिवशीं सायंकाळीं माझा पुतण्या घाईघाईनें घरीं आला. रत्नागिरीस मिऱ्याच्या बाजूला, समुद्रापासून हांकेच्या अंतरावर, त्यानें औषधांच्या दुकानासाठीं गाळा घेतला आहे. खिशांतून चार दरपत्रकें काढून त्यानें तीं माझ्यापुढें पसरलीं आणि म्हटलें, "काका, मृग तीन महिन्यांवर आला. दुकानाला शटर कोणतें बसवूं, एवढें सांगा. तुमची सारी हयात दुकानांत गेली. तुमच्याइतकें कोणाला कळणार?"

त्याच्या ह्या शेवटच्या वाक्याचें मला हसूं आलें. चाळीस वर्षांपूर्वीं हाच प्रश्न माझ्यापुढें आला होता, आणि त्याचें मीं दिलेलें उत्तर सपशेल चुकलें होतें. त्या चुकीची किंमत मला पुढें तेहतीस वर्षांनीं मोजावी लागली. पुतण्याला चार दरपत्रकांपैकीं एकावर बोट ठेवून हवें होतें. मला मात्र त्याला एक गोष्ट सांगावीशी वाटली.

आमचें दुकान वह्या-पुस्तकांचें. माझ्या वडिलांनीं, म्हणजे अण्णांनीं, तें थाटलें तेव्हां त्याला दार असें नव्हतेंच, फळ्या होत्या. उंबरठ्यांत आणि वरच्या तुळईंत खांच कोरलेली असे आणि तींत एकामागून एक अशा अकरा सागवानी फळ्या सरकवीत जायचें. प्रत्येक फळीवर अण्णांनीं डांबरानें आंकडा घातला होता. क्रम चुकला कीं शेवटची फळी बसत नसे आणि सगळ्या फळ्या पुन्हां बाहेर काढाव्या लागत. आषाढांत ह्या फळ्या पाणी पिऊन अशा फुगत कीं, त्यांना मोगरीनें ठोकल्यावांचून त्या जागच्या हलत नसत. म्हणून दर चैत्रांत अण्णा खांचेंत मेणबत्ती घासून ठेवीत. लहानपणीं मला त्या मेणाच्या वासानें परीक्षा जवळ आल्याची आठवण होई, कारण दोन्ही गोष्टी एकाच सुमारास येत.

१९८३ सालीं अण्णांचा उजवा खांदा दुखूं लागला आणि फळ्या उचलणें त्यांना जमेना. मी नुकताच रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालों होतों. लोखंडी शटर बसवायचें मींच ठरविलें आणि मिस्त्रीशीं बोलणेंहि मींच केलें. मिस्त्रीनें तीन प्रकारचे पत्रे दाखविले: अठरा गेजचा, वीस गेजचा आणि बावीस गेजचा. बावीस हा आंकडा अठरापेक्षां मोठा, आणि किंमत मात्र कमी! हा मिस्त्री फारच भोळा दिसतो असें मनांत म्हणून मीं मोठ्या चतुराईनें बावीस गेज पसंत केला. गेजचा आंकडा जसजसा वाढतो तसतसा पत्रा पातळ होत जातो, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें. अठरा गेजचा पत्रा सुमारें १.२ मिलिमीटर जाड असतो आणि बावीस गेजचा जेमतेम ०.७. भोळा कोण होता तें वाचकांनींच ठरवावें.

तो पत्राहि काळा होता, म्हणजे त्यावर जस्ताचा मुलामा नव्हता. पण त्यावर निळा रंग असा कांहीं तकतकीत बसला होता कीं, त्याच्याखालीं काय आहे हें विचारण्याची मला गरजच भासली नाहीं. दार बसलें त्या दिवशीं अण्णांनीं त्यावरून हात फिरविला आणि एवढेंच विचारलें, "ह्याला खारा वारा मानवेल ना रे?" मीं म्हटलें, "अण्णा, हें लोखंड आहे, लाकूड नव्हे." अण्णा कांहीं बोलले नाहींत.

त्यानंतर अण्णांनीं त्या दाराची जी सेवा आरंभिली, ती मला हास्यास्पद वाटे. दर पंधरा दिवसांनीं ते विहिरीचें गोडें पाणी आणवून दार धूत. त्यांतहि नवल असें कीं, छज्जाखालचा जो भाग पावसापासून अगदीं सुरक्षित होता, तोच ते अधिक काळजीनें धूत. मीं एकदां म्हटलें, "अण्णा, वर पाऊस लागत नाहीं, तेथें काय धुवायचें?" त्यांनीं तेथल्या पट्टीवरून बोट फिरवून माझ्यापुढें धरलें आणि म्हणाले, "चाटून बघ." मीं अर्थात् चाटलें नाहीं. रसायनशास्त्राच्या पदवीधरानें दार चाटून परीक्षा करावी, हें मला शोभण्यासारखें वाटलें नाहीं.

२००९ सालीं अण्णा गेले. दार माझ्या हातीं आलें, आणि मीं तें सोप्या मार्गानें सांभाळूं लागलों. शटर जड चालूं लागलें कीं मी गॅरेजमधून गाडीचें जळकें ऑइल आणवून दोन्ही बाजूंच्या गाइडमध्यें सोडीत असें. दोन दिवस दार लोण्यासारखें सरके, आणि माझ्या युक्तीचें मलाच कौतुक वाटे. गंजाचे तांबूस डाग दिसूं लागले कीं मी पेंटर बोलावून त्यावर नवा निळा रंग चढवीत असें. गंज झांकला कीं तो गेला, अशी माझी समजूत होती. माणसें आपल्या दुखण्यांविषयीं जी समजूत करून घेतात, तीच.

२०१६ च्या जून महिन्यांत शाळा उघडण्याच्या आठवड्यांत ही समजूत फिटली. रात्रभर पाऊस कोसळला होता. सकाळीं आठ वाजतां मी आणि आमचा गडी दार उघडूं लागलों, तर दार वीतभर वर गेलें आणि तेथेंच अडकलें. बाहेर पोरांना घेऊन आयाबाया छत्र्या उघडून उभ्या. आम्ही जोर लावला, तशी तळची पट्टी एका बाजूनें फाटून हातांत आली. शेवटीं मिस्त्रीला बोलावलें. त्यानें आधीं सर्वांना दूर केलें, कारण वरच्या नळीवर गुंडाळलेली स्प्रिंग ताणलेल्या धनुष्यासारखी असते. ती सुटली तर जवळच्या माणसाची धडगत नसते. अनोळखी हातानें ती कधींहि सोडूं नये. दहाच्या सुमारास त्यानें माझें निळें दार कापून काढलें.

आंत गेलों तों पाय पाण्यांत पडला. दाराच्या तळाशीं, रंगाच्या आड, पत्रा चाळणीसारखा झाला होता, आणि त्या भोंकांवाटे रात्रभर पाणी आंत येत होतें. खालच्या फळीवरच्या वह्या गेल्या, त्यांचें मला फारसें वाईट वाटलें नाहीं. वह्या पुन्हां येतात. पण त्याच फळीच्या कोंपऱ्यांत अण्णांच्या कीर्द-खतावण्या लाल कापडांत बांधून ठेवलेल्या होत्या. त्यांतल्या निम्म्या लगदा झाल्या होत्या. अण्णांचें अक्षर निळ्या डागांत विरघळून गेलें होतें. दुकान मीं पुढें मोठें केलें असेल, पण तें ज्या आंकड्यांतून उभें राहिलें, ते आंकडे मीं माझ्या हातानें बुडविले.

उरलेल्या वह्या मीं घरीं नेल्या आणि पंख्याखालीं एकेक पान सुटें करून वाळवूं लागलों. हें काम सावकाशीचें. पान वाळेपर्यंत वाचण्यावांचून दुसरा उद्योग नसतो. वाचतां वाचतां एक नोंद मला दर वर्षीं चैत्राच्या पानावर दिसूं लागली: "दरवाजा खर्च. सोडा, राकेल, चिंध्या, मेणबत्त्या २." दहा वर्षें, पंधरा वर्षें, तीच नोंद, रक्कम तेवढी हळूहळू वाढलेली. मेणबत्त्या कशासाठीं, हें प्रथम माझ्या ध्यानांत येईना. दुकानांत वीज होती, कंदील होता. आणि एकदम तो परीक्षेच्या दिवसांतला वास आठवला. फळ्या गेल्या तरी अण्णांनीं खांचेंत मेण घासणें सोडलें नव्हतें. उंबरठ्यांतल्या लाकडी खांचेऐवजीं ते आतां लोखंडी गाइडमध्यें मेण घाशीत होते, आणि मला त्याचा पत्ताहि नव्हता.

मिस्त्रीनें कापलेल्या दाराचे तुकडे अंगणांत मांडून मला सगळा प्रकार समजावून दिला. पोस्ट मॉर्टेमच्या वेळीं डॉक्टर बोलतात तशा निर्विकारपणें तो बोलत होता. जळक्या ऑइलला मिऱ्याची वाळू चिकटली होती आणि तिचा गाइडमध्यें दगड झाला होता. मेण कोरडें असतें. त्यावर पट्टी घसरते, पण वाळू बसत नाहीं. गवंड्यानें गाइडचें तळचें तोंड सिमेंटनें बुजवून टाकलें होतें; त्यामुळें आंत उतरलेलें पाणी तेथेंच सांचून राही. उंबरठ्याचा उतार आंतल्या बाजूला होता. शिवाय रोज सकाळीं दुकान उघडण्यापूर्वीं दारापुढें पाणी शिंपडण्याची आमची रीत. तिच्यामुळें तळची वीतभर जागा उन्हाळ्यांतहि सुकत नसे. दार कमरेपासून वर शाबूत होतें. मेलें होतें तें पायांकडून.

आणि छज्जाखाली? तेथें पाऊस कधींच लागला नव्हता, तरी तेथल्या पट्ट्या तळच्या खालोखाल खराब झाल्या होत्या. अण्णांचें "चाटून बघ" मला तेव्हां समजलें. समुद्रावरचा वारा मीठ घेऊन येतो आणि तें साऱ्या दारावर बसवितो. जेथें पाऊस लागतो तेथून तें धुवून जातें. जेथें लागत नाहीं तेथें सांचत राहतें. जून उजाडला कीं स्वयंपाकघरांतल्या बरणींतलें मीठ आपोआप पाणावतें, हें प्रत्येक घरांत ठाऊक असतें. दारावरचें मीठहि तसेंच हवेंतली ओल ओढून घेतें, आणि पावसाचा थेंब न लागतां लोखंड खाऱ्या पाण्यांत भिजत राहतें. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायु हे दोन पुरेसे असतात; मीठ त्यांची मध्यस्थी करून काम वेगानें पार पाडतें. हीं समीकरणें मीं परीक्षेंत बिनचूक लिहिलीं होतीं. अण्णांना तीं येत नव्हतीं. त्यांना चव येत होती.

रंगावर रंग चढविण्याचें माझें शहाणपणहि तेथेंच उघडें पडलें. गंज हा लोखंडापेक्षां फुगीर असतो. जेवढें लोखंड खाल्लें जातें, त्याच्या दुपटीहून अधिक जागा तो अडवितो. त्यामुळें तो वरच्या रंगाला आंतून उचलतो, रंगाखालीं पोकळी होते आणि तिच्यांत पाणी शिरतें. मी दर वेळीं गंजाला नवें पांघरूण देत होतों, आणि तो त्याखालीं सुखानें वाढत होता.

आतां नवें दार कसें निवडावें, हें मीं त्या वर्षीं खरोखर शिकलों. पुतण्याच्या दरपत्रकांवर रंगांचीं नांवें मोठ्या अक्षरांत होतीं. मीं त्याला म्हटलें, रंग शेवटीं बघ; आधीं जस्त विचार. लोखंडाला वितळलेल्या जस्तांत बुडवून मुलामा देण्याच्या रीतीचें पेटंट १८३७ सालीं फ्रान्समध्यें सोरेल नांवाच्या इंजिनिअरानें घेतलें. ह्या मुलाम्याचा विशेष असा कीं, तो नुसतें झांकण नसतो. पत्र्यावर ओरखडा उठून लोखंड उघडें पडलें, तरी शेजारचें जस्त आधीं स्वतः झिजतें आणि लोखंडाला वांचवितें. घरांत थोरला भाऊ करतो तसेंच कांहींसें. पण थोरल्या भावाचीहि शक्ति मर्यादित असते. चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त असलें, तर एका बाजूला थर सुमारें आठ मायक्रॉनचा बसतो. माणसाच्या केंसाच्या जाडीचा हा लहानसा अंश. २७५ ग्रॅम असलें तर थर दुपटीहून अधिक होतो. समुद्रकांठीं जस्त लवकर झिजतें. म्हणून तेथें पैसा खर्चायचा तर तो ह्या ग्रॅमांवर आणि अठरा गेजवर खर्चावा. भट्टींत भाजलेली पावडर कोटिंग वर असली तर उत्तमच, पण ती जस्तावर असावी; जस्ताऐवजीं नसावी.

पत्रा कितीहि चांगला असला तरी मिस्त्री तो कापतो, भोंकें पाडतो आणि जोडकाम करतो. कापलेल्या कडेवर जस्त नसतें, आणि वेल्डिंगच्या जागीं तें जळून जातें. अशा जागा घासून त्यांवर जस्ताचा भरणा असलेला रंग लावून घ्यावा. हें काम मिस्त्री निघून जाण्यापूर्वीं आपण उभें राहून करवावें लागतें. मागून कोणी येत नाहीं. पितळी स्क्रू दिसायला छान, पण ओल्या खाऱ्या हवेंत पितळेच्या शेजारचें लोखंड आणि जस्त लवकर खाल्लें जातें. गाइडचें तळचें तोंड उघडें ठेवावें आणि उंबरठ्याला रस्त्याकडे उतार द्यावा. २०२० मध्यें निसर्ग आणि २०२१ मध्यें तौक्ते अशीं दोन वादळें आमच्या किनाऱ्याला स्पर्श करून गेलीं. तेव्हांपासून गाइड खोल आहे कीं नाहीं आणि पट्ट्यांच्या टोंकांना अडकवण आहे कीं नाहीं, हेंहि मी पाहूं लागलों. नाहीं तर वारा दाराला पोट काढायला लावून गाइडमधून बाहेर ओढतो.

"मग सरळ स्टेनलेस स्टील घेतों!" पुतण्या म्हणाला. त्यांतहि जाती आहेत. नेहमींच्या ३०४ जातीवर समुद्राच्या हवेंत चहासारखे तपकिरी डाग पडतात; ३१६ जातींत मॉलिब्डेनम असतें, ती अधिक टिकते आणि अर्थात् अधिक महाग पडते. कोणतीहि घेतली तरी धुवावी लागतेच. ॲल्युमिनिअम गंजत नाहीं, पण ओल्या चुन्या-सिमेंटाशीं त्याचें वैर असतें, आणि चोराच्या पहारीपुढें तें नरम. सर्व प्रांतांना एक दारहि चालत नाहीं. नागपूरचा माझा एक स्नेही गंजाचें नांव काढलें कीं हसतो. त्याची तक्रार वैशाखाची. तीन मीटर रुंदीचें लोखंडी दार पौषांतल्या पहाटेपासून वैशाखांतल्या दुपारपर्यंत दीड-दोन मिलिमीटर लांबतें. गाइडमध्यें तेवढी मोकळीक नसली तर तें भर दुपारीं अडून बसतें. गडद रंगाचें दार तेथें तव्यासारखें तापतें आणि त्याचा रंग उन्हानें भुकटी होऊन हाताला लागतो. त्याला फिकट रंग आणि मोकळा गाइड हवा. आम्हांला जस्त आणि गोडें पाणी.

पुतण्या थोडा चिडला. म्हणाला, "काका, दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशें वर्षें उघड्यावर उभा आहे. त्याला कोण धुतो?" प्रश्न रास्त होता. पण त्या लोखंडांत फॉस्फरसचें प्रमाण अधिक आहे, आणि त्यामुळें त्याच्या अंगावर एक पातळ संरक्षक थर धरला गेला, असें कानपूरच्या आय. आय. टी. मधील बालसुब्रमण्यम ह्यांनीं अभ्यासून दाखविलें आहे. शिवाय दिल्लीची हवा वर्षाचे बरेचसे महिने कोरडी. पूर्वजांचें लोखंड चांगलें होतें हें खरें. पण पूर्वजांना मिऱ्यावर औषधांचें दुकान घालायचें नव्हतें.

आपल्याकडे लोखंडाची आठवण ठेवण्याचा एक दिवस नेमून दिलेला आहे, तो खंडेनवमीचा. त्या दिवशीं आम्ही दुकानदार शटरला कुंकू लावतों, कुलपाच्या कडीला झेंडूची माळ बांधतों, उंबरठ्यावर नारळ फोडतों. मग ती ओली माळ तेथेंच महिनाभर कुजत राहते आणि नारळाचें पाणी तळच्या पट्टींत मुरतें. माळेखालीं पडलेला गंजाचा अर्धवर्तुळाकार डाग मीं किती तरी दुकानांवर पाहिला आहे. पूजेला माझा विरोध नाहीं. मी एवढेंच करतों कीं, दुसऱ्या दिवशीं शिलंगणाला निघण्यापूर्वीं माळ उतरवितों, दार गोड्या पाण्यानें धुतों आणि पावसाळ्यानें काय खाल्लें तें गुडघे टेकून पाहतों. गुडघे टेकल्यावांचून ती तळची वीत दिसत नाहीं. जेथें डाग असेल तेथें धातु चकचकीत दिसेपर्यंत घासायचें, त्याच दिवशीं प्रायमर लावायचा आणि तो सुकला कीं रंगाचे दोन हात द्यायचे. हेंच चैत्रांत पुन्हां एकदां, ऊन चढण्यापूर्वीं. बाकी वर्षभर पंधरा दिवसांनीं एक बादली पाणी.

२०१६ सालीं बसविलेलें माझें दार अजून धड आहे. तें महाग होतें म्हणून टिकलें, कीं मी त्याच्याकडे पाहूं लागलों म्हणून, हें मला सांगतां येणार नाहीं. अण्णांनीं माझें स्वस्त आणि पातळ दार सव्वीस वर्षें चालविलें होतें. मला तें सात वर्षांत बुडवितां आलें.

मागच्या आठवड्यांत पुतण्याचें दार बसलें. अठरा गेजचा जस्ती पत्रा, वर फिकट राखाडी रंग. मी मुद्दाम पाहायला गेलों. उंबरठ्याचा उतार बाहेर होता, गाइडचीं तोंडें उघडीं होतीं. मीं खिशांतून दोन मेणबत्त्या काढून त्याच्या हातांत दिल्या आणि त्यांचें काय करायचें तें सांगितलें. मग छज्जाखालच्या पट्टीवरून बोट फिरवून त्याच्यापुढें धरलें आणि म्हटलें, "चाटून बघ."

तो मोठ्यानें हसला. मलाहि हसूं आलें, आणि तें बोट मीं स्वतःच चाटलें. दार बसून चार दिवसहि झाले नव्हते, तरी बोट खारट लागलें.